उतरणाऱ्यांचा धक्का

अमेरिकेत मुलाबाळांकडे जाऊन आलेल्या आमच्या वयाच्या माणसांची पाहण्याची एक ठरलेली यादी असते. नायगारा, वॉशिंग्टन, जमलं तर डिस्नेचं नगर, आणि न्यूयॉर्कचा स्वातंत्र्यदेवीचा पुतळा. त्या पुतळ्याकडे जाणारी बोट जिथून सुटते ती मॅनहॅटनच्या अगदी दक्षिण टोकावरची बाग मात्र यादीत नसते. ती नुसती रांगेत उभं राहण्याची जागा. २०१६ साली मी आणि हे पहिल्यांदा लेकीकडे गेलो, तेव्हा आम्हीही त्या बागेत तासभर रांगेत उभे होतो आणि बाग काही पाहिली नव्हती. ह्यांनी तेवढं विचारलं होतं, "ही गोल गढी कसली गं?" लेक म्हणाली होती, "तिकिटं मिळतात तिथं, बाबा."

२०२३ च्या सप्टेंबरात मी पुन्हा गेले ती एकटीच. हे २०२१ च्या एप्रिलमध्ये गेले. करोनाची दुसरी लाट ऐन भरात होती. लेकीला येता आलं नाही. स्मशानातले विधी तिनं जर्सी सिटीतल्या आपल्या स्वयंपाकघरात उभं राहून फोनच्या पडद्यावर पाहिले. तेव्हापासून तिच्या मनानं एकच घेतलं होतं, आईला इकडे आणायचं. ती आता तिथली नागरिक आहे, त्यामुळे आईच्या ग्रीन कार्डासाठी ती अर्ज करू शकते. मी पोचल्याच्या तिसऱ्या दिवशी तिनं जेवणाच्या टेबलावर एक फाइल ठेवली. माझा जन्मदाखला, लग्नाचा दाखला, ह्यांचा मृत्यूचा दाखला, सगळ्यांच्या प्रती नीट लावलेल्या. "तू फक्त हो म्हण, आई. बाकी सगळं मी बघते."

मी म्हटलं, "बघू."

आपल्या भाषेतला हा शब्द फार सोयीचा आहे. त्यात होकार नाही, नकारही नाही. समोरच्याचं मन मोडत नाही आणि आपल्यालाही बांधून घ्यावं लागत नाही. पंधरा दिवस मी तो शब्द वापरत राहिले. फाइल टेबलावरून फ्रिजवर गेली, फ्रिजवरून पुन्हा टेबलावर आली. शेवटी एका रविवारी जावई म्हणाले, "चला, आज सगळे नदीपलीकडे फिरून येऊ." घरात बसून तिघांनीही एकमेकांची नजर चुकवण्यापेक्षा ते बरंच होतं.

जर्सी सिटीहून हडसन नदीच्या तळाखालून जाणारी गाडी दहा-पंधरा मिनिटांत वर्ल्ड ट्रेड सेंटरला आणून सोडते. तिथून ब्रॉडवेनं दक्षिणेकडे चालत निघालं की ट्रिनिटी चर्च लागतं आणि मग बोलिंग ग्रीन नावाची एक चिमुकली बाग. न्यूयॉर्कमधली ही सर्वांत जुनी सार्वजनिक बाग, १७३३ सालची. तिच्याभोवतीचं लोखंडी कुंपण १७७१ सालचं आहे. आत इंग्लंडच्या तिसऱ्या जॉर्जचा पुतळा होता. ९ जुलै १७७६ ला स्वातंत्र्याचा जाहीरनामा वाचून दाखवला गेला आणि लोकांनी त्याच दिवशी तो पुतळा ओढून पाडला. पुतळा शिशाचा होता, त्याच्या वितळवून बंदुकीच्या गोळ्या केल्या. राजाचा पुतळा गेला, कुंपण मात्र राहिलं. नात त्या कुंपणाच्या गजांवरून हात फिरवत चालली होती.

तिथून रस्ता ओलांडला की बॅटरी. लोक 'बॅटरी पार्क' म्हणतात, अधिकृत नाव नुसतं 'द बॅटरी'. आठ वर्षांच्या नातीनं विचारलं, "आजी, इथे चार्जिंग करतात का?" तिच्या आईनं यावेळी मला वाटलं त्यापेक्षा नीट उत्तर दिलं. डच लोक सतराव्या शतकात इथे आले, त्यांनी टोकावर किल्ला बांधला. पुढे इंग्रजांनी किनाऱ्यावर तोफा मांडल्या. तोफांची रांग म्हणजे बॅटरी. त्याआधी हा सगळा मुलूख लेनापे नावाच्या आदिवासींचा होता.

बाग पंचवीस एकरांची. झाडं दाट, बाकं भरपूर, आणि तीन बाजूंनी पाण्याची चाहूल. डावीकडे ईस्ट नदी, उजवीकडे हडसन, समोर बंदराचा उपसागर. खाऱ्या वाऱ्याला थोडा डिझेलचा वास. मला एकदम आमची कल्याणची खाडी आठवली.

आणि मग ती गोल गढी. तिचं नाव कॅसल क्लिंटन. इंग्रजांशी पुन्हा युद्ध होणार अशी चिन्हं दिसू लागली तेव्हा १८०८ ते १८११ या काळात ती बांधली. दगड तांबूस, भिंती चांगल्या जाड, तोफांसाठी अठ्ठावीस झरोके. आज ती बागेत बसलेली दिसते, पण बांधली तेव्हा ती किनाऱ्यापासून दूर, पाण्यातल्या खडकांवर होती आणि लाकडी पुलावरून तिच्याकडे जावं लागे. पुढे भर टाकून मधलं पाणी बुजवलं आणि गढी जमिनीवर आली. गंमत म्हणजे तिच्यातून शत्रूवर एकही गोळा कधी सुटला नाही. मी कल्याणची. पाण्याकाठच्या किल्ल्याशी माझी लहानपणापासून ओळख. १६५७ मध्ये शिवाजी महाराजांनी कल्याण घेतलं आणि खाडीवर जहाजं बांधायला सुरुवात केली, त्या दुर्गाडीच्या बुरुजावर आम्ही पोरी खेळत मोठ्या झालो. त्यामुळे त्या गढीच्या दारातून आत शिरताना मला परकं वाटलं नाही.

आत शिरल्यावर दिसतं एक उघडं वर्तुळ आणि मध्ये तिकिटांच्या खिडक्या. लेकीनं २०१६ साली सांगितलं होतं ते खरंच होतं. पण त्याच्या आड काय आहे ते सरकारी उद्यान खात्यानं तिथल्या लहानशा प्रदर्शनात मांडलं आहे.

लष्कराला गढी नकोशी झाली तेव्हा ती शहराला मिळाली आणि १८२४ मध्ये तिचं 'कॅसल गार्डन' झालं. वर छप्पर घातलं, गाण्याचे जलसे होऊ लागले. स्वीडनची गायिका जेनी लिंड अमेरिकेत पहिल्यांदा गायली ती इथेच, ११ सप्टेंबर १८५० ला. आणि मग १८५५ च्या ऑगस्टमध्ये न्यूयॉर्क राज्यानं या जागेत देशाबाहेरून येणाऱ्यांचं उतरण्याचं केंद्र उघडलं.

ते का उघडावं लागलं, हे मला सर्वांत जास्त भिडलं. त्याआधी जहाज धक्क्याला लागलं की दलाल तुटून पडत. आपल्याच देशातला, आपलीच भाषा बोलणारा माणूस गोड बोलून पुढे येई, सामान उचले आणि एखाद्या खाणावळीत नेऊन ठेवी. तिथे दुप्पट-तिप्पट पैसे उकळत, नाहीतर रेल्वेची खोटी तिकिटं गळ्यात मारत. भाषा न येणारा, आठवडेच्या आठवडे समुद्र काढून आलेला माणूस काय करणार? म्हणून ही गढी कामाला आली. जाड भिंतींचा उपयोग शत्रूला अडवायला झाला नाही, दलालांना अडवायला झाला. आत आलेल्याचं नाव, देश, कुठे जाणार हे विचारून नोंद होई. पैसे बदलून मिळत, रेल्वेचं खरं तिकीट मिळे, अंघोळीची सोय होती, पत्र लिहून देणारे होते, कामाची जागा शोधून देणारं दालन होतं. ज्यांची सोय लागली नाही ते बाकांवर नाहीतर जमिनीवर पथारी टाकून झोपत. १८९० पर्यंतच्या पस्तीस वर्षांत ऐंशी लाखांहून जास्त माणसं या गोल भिंतीतून अमेरिकेत शिरली. जर्मन आणि आयरिश सर्वांत जास्त. पूर्व युरोपातल्या ज्यूंच्या यिडिश भाषेत तर 'केसलगार्टन' हा शब्दच रूढ झाला. अर्थ काय, तर जिथे नुसता गलबला आहे अशी जागा. दादर स्टेशनवर सकाळी आठ वाजता उभं राहिलेल्याला तो समजावून सांगायला नको.

दार सगळ्यांना सारखंच उघडं होतं असंही नाही. १८८२ साली चिनी मजुरांना बंदी करणारा कायदा झाला. त्याच वर्षी दुसऱ्या कायद्यानं उतरणाऱ्या प्रत्येकामागे पन्नास सेंट कर बसवला आणि स्वतःचं पोट भरू न शकणाऱ्याला परत पाठवायचं ठरलं. आपल्या लोकांसाठी हे दार पुढे १९१७ पासून जवळजवळ बंदच झालं, ते १९६५ च्या कायद्यानं खऱ्या अर्थानं उघडलं. माझी लेक २०१० मध्ये शिकायला गेली तेव्हा मुलाखतीच्या रांगेत घाबरून उभी होती, ते मला आठवलं.

१८९२ पासून समोरच्या एलिस बेटावर नवं केंद्र सुरू झालं. १८९७ मध्ये तिथे आग लागली आणि कॅसल गार्डनच्या काळापासून जपलेली दप्तरं तीत जळून गेली. इकडे गढीत मत्स्यालय आलं, १८९६ ते १९४१. शहराचे बडे अधिकारी रॉबर्ट मोझेस यांना बागेच्या डोक्यावरून ब्रुकलिनला जाणारा मोठा पूल बांधायचा होता. लोकांनी विरोध केला, पूल बारगळला, तिथे पुढे बोगदा झाला. मोझेसनी मत्स्यालय मात्र बंद करून पाडायला घेतलं. जुन्या भिंती कशाबशा वाचल्या, १९४६ मध्ये राष्ट्रीय स्मारक ठरल्या आणि १९७५ मध्ये लोकांसाठी पुन्हा खुल्या झाल्या.

बाहेर आलो. नात जावयांबरोबर काचेच्या माशांच्या फिरत्या चक्राकडे पळाली. जुन्या मत्स्यालयाची आठवण म्हणून २०१५ मध्ये ते तिथे केलं आहे. मी आणि लेक पाण्याच्या बाजूनं फिरत राहिलो. या बागेत स्मारकं पुष्कळ. गढीजवळ 'द इमिग्रंट्स' नावाचं ब्राँझचं शिल्प आहे. नुकतीच उतरलेली माणसं, कोणी गुडघे टेकलेला, कोणी आभाळाकडे पाहणारा. थोडं पुढे ग्रॅनाइटच्या आठ उंच शिळा. दुसऱ्या महायुद्धात अटलांटिकच्या या किनाऱ्यालगत बुडालेल्या साडेचार हजारांहून अधिक सैनिक-खलाशांची नावं त्यांवर कोरलेली आहेत. मध्ये गरुड, आणि त्याची नजर समुद्राकडे, स्वातंत्र्यदेवीच्या दिशेनं. अध्यक्ष केनेडी यांनी १९६३ च्या मे महिन्यात त्याचं अनावरण केलं आणि त्याच नोव्हेंबरात ते स्वतः गेले.

फिरता फिरता माझ्या लक्षात आलं, इथे आलेल्यांचं स्मारक आहे, समुद्रात गेलेल्यांचं आहे. ज्यांनी त्यांना तिकडच्या धक्क्यावरून निरोप दिला त्यांचं मला कुठे दिसलं नाही. आयर्लंडच्या खेड्यांत एक चाल होती. मुलगा किंवा मुलगी अमेरिकेला निघाली की आदल्या रात्री घरात माणसं जमत. माणूस मेल्यावर मृतदेहाजवळ रात्र जागवतात तशीच जागवत, आणि त्या रात्रीला 'अमेरिकन वेक' म्हणत. कारण पुन्हा भेट नाही हे आईबापांना माहीत असे. ऐंशी लाख उतरले म्हणजे मागे किती घरांतून अशा रात्री झाल्या असतील!

आणि कल्याणच्या बाईला इथे आनंदीबाई आठवल्यावाचून कशा राहतील? कल्याणच्या जोशांची यमुना, नवव्या वर्षी लग्न होऊन आनंदी गोपाळ झाली. ४ जून १८८३ ला ती समोरच्या याच बंदरात पोचली तेव्हा अठरा वर्षांची होती. नवरा मागे राहिला होता, ती कलकत्त्याहून बोटीनं निघाली होती. तेव्हा कॅसल गार्डन ऐन गर्दीत होतं. ब्रुकलिनचा प्रसिद्ध पूल खुला होऊन अवघे अकरा दिवस झाले होते. आणि स्वातंत्र्यदेवीचा पुतळा अजून नव्हताच, तो १८८६ च्या ऑक्टोबरात उभा राहिला. तिच्या स्वागताला उभी होती एक बाई, न्यू जर्सीच्या रोझेल गावच्या कार्पेंटरबाई. दंतवैद्याकडे बसल्या असताना एका मासिकात त्यांनी या मुलीची हकीकत वाचली आणि पत्र लिहिलं होतं, एवढीच त्यांची ओळख. १८८६ मध्ये आनंदी डॉक्टर झाली, परत आली आणि २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात वारली. बावीस वर्षंही पुरी नव्हती. तिच्या अस्थी कार्पेंटरबाईंकडे पाठवल्या गेल्या आणि पकिप्सी नावाच्या गावी त्यांच्या कुटुंबाच्या जागेत पुरल्या. हे गाव हडसनच्याच काठी आहे, वरच्या अंगाला. म्हणजे जे पाणी आमच्यासमोरून वाहत होतं ते तिच्या गावावरूनच आलेलं.

मी हे सगळं लेकीला सांगत होते. ती ऐकत होती की नाही कोण जाणे. मध्येच म्हणाली, "आई, २०१२ च्या वादळात हे सगळं पाण्याखाली होतं, आठवतं तुला?"

न आठवून कसं चालेल! २९ ऑक्टोबर २०१२, सँडी वादळ. इथल्या मापकावर पाणी चौदा फुटांच्या जवळ गेलं होतं. नदीपलीकडे जर्सी सिटीतही घराघरांत पाणी, वीज नाही. आम्ही दोघं कल्याणला टीव्हीसमोर बसलो होतो आणि दोन दिवस तिचा फोन लागत नव्हता. ह्यांनी त्या दोन दिवसांत दाढी केली नाही. त्या रात्री मी हे तिला कधी सांगितलं नव्हतं, आता सांगितलं. या टोकाला समुद्र गेल्या शंभर वर्षांत फूटभर वर आला आहे. आमच्या त्या भेटीनंतर, २०२४ मध्ये, बागेचा धक्काच उंच करण्याचं काम सुरू झालं.

लेक बाकावर बसली. म्हणाली, "तुम्ही दोन दिवस काढलेत. मी दोन वर्षं काढतेय. बाबांना मी शेवटचं पाहिलं नाही. तुझ्या वेळीही असंच झालं तर? म्हणून ती फाइल."

मला उत्तर सुचलं नाही. 'बघू' मात्र तोंडातून निघालं नाही.

नातीला बोटीत बसायचं होतं. बागेला लागूनच स्टेटन बेटाच्या फेरीचं स्थानक आहे. भली मोठी नारिंगी बोट, पंचवीस मिनिटांचा प्रवास आणि तिकीट नाही. गेलो. पलीकडे उतरून पुन्हा चढावं लागतं. परतताना आम्ही पुढच्या कठड्याशी उभे राहिलो. सगळं मॅनहॅटन समोरून हळूहळू मोठं होत येत होतं आणि त्याच्या पायथ्याशी झाडांची हिरवी पट्टी आणि ती गोल गढी. उतरणाऱ्यांनी पाहिलं ते हेच टोक. त्यांच्या मनात एकच प्रश्न असेल, आता पुढे कुठे? मला माझं उत्तर ठाऊक होतं. पारनाक्यावरचं घर, खालची वाण्याची हाक, संध्याकाळी वाचनालय, ह्यांचं पंधरा वर्षं पाणी घातलेलं सोनचाफ्याचं झाड. मी इथे उतरणारी नव्हे. मी तिकडच्या धक्क्यावरची. फक्त ते लेकीला स्पष्ट सांगायचं धाडस होत नव्हतं, आणि माझ्या त्या 'बघू'वर ती दोन वर्षं टांगून राहिली होती.

म्हटलं, "ऐक. मी इथे राहायला येणार नाही. पाय चालतात तोवर दर उन्हाळ्यात येईन. दिवाळीला तुम्ही या."

"आणि तू आजारी पडलीस तर?"

"तर तू निघशील. पोचशील किंवा पोचणार नाहीस. नाही पोचलीस तर त्याचा दोष तुझा नाही, हे मी आज धडधाकट असताना सांगून ठेवते. बाबांच्या वेळचाही नाही. तू फोनवर होतीस ना, ह्यांच्या कानाशी आदल्या रात्री मीच फोन धरला होता. ह्यांनी तुझा आवाज ऐकून मान हलवली होती. ते मी तुला सांगितलं नव्हतं, तू आणखी रडशील म्हणून."

ती खूप रडली. जावई नातीला घेऊन दुसऱ्या बाजूला गेले. बोट धक्क्याला टेकली तशी लाकडं करकरली. माझ्यावर ती रागावली होती की मोकळी झाली होती, हे मला तेव्हा कळलं नाही. घरी पोचल्यावर तिनं फाइल उचलून कपाटात ठेवली. "फाडू नकोस," मीच म्हटलं, "माणसाचं मन बदलतं." त्यावर ती थोडी हसली.

ऑक्टोबरात मी नवरात्राला कल्याणात होते. दुर्गाडीवर जत्रेची गर्दी. देवीचं दर्शन घेऊन बुरुजाशी आले, लेकीला फोन लावला आणि खाडी दाखवली. तिकडे सकाळ होती. ती म्हणाली, "काल जावेचे आईवडील आले होते, त्यांना बॅटरीला नेलं होतं. काकांनी विचारलं, ही गोल गढी कसली?"

"मग? काय सांगितलंस?"

"बसवलं त्यांना बाकावर. अर्धा तास सांगत होते."